हेच पार्लमेंट हाय नं, बाई?

डिसेंबर महिना लागला की नागपूरच्या बोलण्यात ‘अधिवेशन’ हा शब्द ऋतूच्या नावासारखा येऊ लागतो. अधिवेशनाच्या आधी लग्न उरकून घ्या, अधिवेशनात त्या रस्त्याने जाऊ नका, अधिवेशन संपले की थंडी पडेल, असे आम्ही अगदी सहज बोलतो. सिव्हिल लाइन्समधल्या झाडांखाली अचानक गाड्यांच्या रांगा लागतात, आमदार निवासाच्या खिडक्यांत दिवे दिसतात, रामगिरी आणि रविभवन यांच्या भिंतींना नवा रंग चढतो. अशाच एका डिसेंबरमध्ये, दुपारच्या वेळी, मी सीताबर्डीकडून पायी निघाले होते. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला कठडे लावून पोलिसांनी रस्ता अडवला होता आणि त्या कठड्यांच्या अलीकडे एक मोर्चा थांबलेला होता. वाट मिळेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. माझ्या शेजारी भंडाऱ्याकडून आलेली, साठीच्या पुढची एक बाई उभी होती. तिने हातातल्या झेंड्याची काठी खांद्याला टेकवली, समोरच्या दिशेने हनुवटी उचलली आणि विचारले, “हेच पार्लमेंट हाय नं, बाई?”

मी तेहतीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आहे. उत्तर तोंडातच होते. “नाही मावशी, हे विधानभवन. पार्लमेंट दिल्लीला.” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “इथं कायदे करतेत म्हनून तं आलो नं आमी.” त्यावर मी राज्याचे विधिमंडळ आणि देशाची संसद यांतला फरक सांगू लागले, आणि तिने तो मन लावून ऐकूनही घेतला. माझ्या सांगण्यात चूक काहीच नव्हती. तरीही आपण तिच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही, असे मला तिथे उभे असतानाच वाटू लागले होते, आणि ते वाटणे पुढे कितीतरी दिवस गेले नाही. त्यानंतर मी या एका शब्दाकडे, तो माझ्या पुस्तकातला धडा नसून लोकांच्या तोंडचा शब्द आहे असे समजून, नव्याने पाहू लागले.

लोकांच्या तोंडी तो फार ढिला पडलेला आहे. ‘संसद’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इमारत येते. जुन्या पिढीला १९२७ साली उघडलेली, १४४ खांबांची ती गोल वास्तू आठवते. नव्या मुलांना मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेली त्रिकोणी इमारत ठाऊक असते, आणि जुन्या वास्तूला आता ‘संविधान सदन’ म्हणतात हेही त्यांना माहीत असते. काहींच्या बोलण्यात संसद म्हणजे लोकसभाच, काहींच्या बोलण्यात सरकार. ‘दिल्लीने कायदा केला’ असे म्हणताना आपण संसद, मंत्रिमंडळ आणि शहर अशा तिन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. उत्तरपत्रिका तपासताना मला दरवर्षी एक वाक्य भेटत असे: ‘निवडणुकीपूर्वी संसद विसर्जित केली जाते.’ विसर्जित होते ती लोकसभा. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात आणि सभागृह चालूच राहते. संविधानाच्या ७९व्या अनुच्छेदाप्रमाणे संसद म्हणजे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा, तिन्ही मिळून. ‘राष्ट्रपती तर कोणत्याच सभागृहात नसतात, मग ते संसदेत कसे, बाई?’ हा प्रश्न नववीच्या वर्गात हमखास यायचा आणि तो चांगला प्रश्न आहे. दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय कायदा होत नाही, म्हणून ते संसदेचे अंग आहेत. पण मतदानाला तिथे बसत नाहीत, म्हणून कोणत्याही सभागृहाचे सदस्य नाहीत. हे एकदा नीट समजले की ‘संसद’ हा शब्द इमारतीतून बाहेर पडतो.

मराठीने या बाबतीत स्वतःची एक सोय केलेली आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. दिल्लीला जातो तो खासदार, मुंबई-नागपूरला बसतो तो आमदार. हिंदीत ‘सांसद’ आणि ‘विधायक’ म्हणतात. त्यांतला पहिला शब्द संस्थेवरून आला आहे, दुसरा कायदा करण्याच्या कामावरून. आपले शब्द ‘खास’ आणि ‘आम’ या फारसी-अरबी वळणाच्या जोडीवरून आले, दिवाण-ए-खास आणि दिवाण-ए-आम यांच्या नात्यातले. आमदार हा शब्द गावातल्या माणसाला घरचा वाटतो, त्यामागे त्यातला हा ‘आम’ असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. मोर्चातल्या त्या बाईनेही ‘आमचा आमदार’ असेच म्हटले होते. पार्लमेंट हा शब्द तिने फक्त त्या जागेसाठी वापरला, जिथे तो आमदार बसतो.

‘पार्लमेंट’ हा शब्द मुळात बोलण्याचा आहे. फ्रेंच भाषेत ‘पार्ले’ म्हणजे बोलणे, त्यावरून ‘पार्लमाँ’ म्हणजे बोलाचाली, मसलत. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात राजाने सरदारांना आणि धर्मगुरूंना बोलावून केलेल्या मसलतीला हे नाव पडले. हळूहळू मसलतीचे नाव मसलत करणाऱ्या संस्थेला चिकटले आणि मग संस्थेचे नाव इमारतीला. खुद्द फ्रान्समध्ये मात्र त्याच शब्दाची वाट वेगळी झाली. राज्यक्रांतीपूर्वी तिथे ‘पार्लमाँ’ म्हणजे वरिष्ठ न्यायालय होते, कायदे करणारी सभा नव्हे. रशियन ‘दूमा’ विचार करण्याच्या क्रियापदावरून आली आहे. आइसलँडच्या ‘आल्थिंग’ या सभेची परंपरा इ.स. ९३०पर्यंत मागे जाते, आणि तिच्या नावातला ‘थिंग’ म्हणजे लोकांचा मेळावा. कुणी बोलण्यावरून नाव ठेवले, कुणी विचारावरून, कुणी जमण्यावरून.

आपण ठेवले ते बसण्यावरून. ‘सद्’ म्हणजे बसणे आणि ‘सम्’ म्हणजे एकत्र. संसद म्हणजे एकत्र बसणे. हा धातू एकदा ओळखीचा झाला की तो मराठीत जागोजागी भेटतो. सभोवती बसतात ती परिषद, गुरूजवळ खाली बसून मिळते ते उपनिषद, बसण्याची जागा ते सदन, बसणारा तो सदस्य. ‘सत्र’ हा शब्दही याच धातूचा. पूर्वी दीर्घकाळ चालणाऱ्या यज्ञाला सत्र म्हणत, कारण त्यात पुष्कळ दिवस बसावे लागे, आणि आज आपण हिवाळी सत्र म्हणतो. साधा ‘बैठक’ हा शब्द दुसऱ्या धातूचा, पण क्रिया तीच. आपल्या भाषेने सार्वजनिक कामाची कल्पना केली ती बहुतेक वेळा खाली बसलेल्या माणसांची, उभ्या माणसाची फारच थोडी.

अथर्ववेदाच्या सातव्या कांडात सभेसाठी केलेली एक प्रार्थना आहे. सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली आहेत असे तिच्यात म्हटले आहे. प्रार्थना करणारा मागतो, की जमलेल्या लोकांत मला चांगले बोलता यावे आणि जे जे सभासद आहेत ते माझ्याशी एका वाणीचे व्हावेत. आणि शेवटाकडे, या संपूर्ण संसदेत मला वाटा मिळावा, असे तो इंद्राला सांगतो. संसद हा शब्द तिथे जसाच्या तसा आहे. अर्थात, ती संसद आणि आजची संसद यांत निवडणूक, मतदानाचा हक्क, स्त्रिया आणि शूद्र अशा कितीतरी गोष्टींचे अंतर आहे, आणि जुन्या ग्रंथात एक शब्द सापडला म्हणून आपल्याकडे लोकशाही आधीपासूनच होती, असे मी म्हणणार नाही. मला त्या सूक्तातली मागणी महत्त्वाची वाटते. तो माणूस आधी बसला आहे आणि बसल्यावर बोलता यावे म्हणून विनवणी करतो आहे. ‘सभ्य’ हा शब्दही सभेवरूनच आला आहे. सभेत बसण्याजोगा तो सभ्य. आज आपण जिना चढताना वाट देणाऱ्याला सभ्य म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, पण शब्दाचे माहेर सभा आहे.

शब्द घसरतातही. ‘पंचायत’ हा केवढा भारदस्त शब्द, पाच जणांनी मिळून न्याय करण्याचा. पण घराघरांत तो ‘पंचाईत’ होऊन बसला. पाहुणे आले आणि दूध संपले की ‘झाली का पंचाईत’, शेजारणीने चौकशी केली की ‘हिला कशाला नसत्या पंचायती’. न्यायाची संस्था रोजच्या बोलण्यात अडचण आणि भोचकपणा यांचे नाव झाली. पंचांसमोर उभे राहण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांच्या अनुभवातून हा अर्थ आला असेल का, असा प्रश्न माझ्या मनात येतो. संसद या शब्दाचे तसे होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण शब्दाची किंमत उतरली की त्या नावाच्या संस्थेकडून अपेक्षा करणेही लोक सोडून देतात. सध्या तिच्या नावाबरोबर बातम्यांत सर्वाधिक ऐकू येणारा शब्द ‘तहकूब’ हा आहे. ‘गदारोळात कामकाज दिवसभरासाठी तहकूब’ हे वाक्य मुलांना पाठ झालेले असते. एकदा बालसंसदेच्या तासाला, अध्यक्ष झालेल्या मुलीने दोन मुले भांडताच मोठ्या आत्मविश्वासाने ‘तहकूब’ म्हटले आणि ती उठून उभी राहिली. तिने जे पाहिले तेच ती करत होती. मी तिला परत खुर्चीवर बसवले आणि सांगितले, की भांडण असेल तेव्हा तर अध्यक्षाने बसून राहायचे असते.

बसण्याबद्दल आपले संविधान विलक्षण काटेकोर आहे, हे मला वर्गात शिकवताना कितीतरी उशिरा उमगले. सदस्याने आपले आसन ग्रहण करण्यापूर्वी शपथ घ्यावी, असे ९९वा अनुच्छेद सांगतो. सभागृहाची गणपूर्ती, म्हणजे एकूण सदस्यांचा दहावा भाग, झाल्याशिवाय कामकाज चालवायचे नाही, असे १००व्यात आहे. ५४३ जणांच्या लोकसभेत किमान ५५ जण तरी हवेत. परवानगी न घेता साठ दिवस सभागृहाच्या सगळ्या बैठकांना जो गैरहजर राहील, त्याची जागा रिक्त झाल्याचे सभागृह जाहीर करू शकते, हे १०१व्यात. शपथ न घेता जो सभागृहात बसेल किंवा मत देईल त्याला, ज्या ज्या दिवशी तो बसेल त्या प्रत्येक दिवसासाठी पाचशे रुपये दंड, हे १०४व्यात. आणि याच्या लगेच पुढचा १०५वा अनुच्छेद बोलण्याचा: संसदेत भाषणस्वातंत्र्य असेल आणि तिथे जे बोलले गेले किंवा जे मत दिले गेले त्याबद्दल कोणत्याही सदस्यावर न्यायालयात कारवाई होणार नाही. आधी बसण्याचे नियम आणि त्याला लागून बोलण्याचे संरक्षण. संस्कृतातली संसद आणि फ्रेंचमधले पार्लमेंट ही दोन्ही नावे या पाच-सात अनुच्छेदांत शेजारी शेजारी बसलेली आहेत. घटनाकारांनी हे शब्दांच्या व्युत्पत्तीकडे पाहून केले, असे मी म्हणत नाही. माणसे जमवून कायदा करायचा म्हटल्यावर या दोन गोष्टी आपोआप लागतात, एवढेच.

नागपुरात राहणाऱ्याला इथे दीक्षाभूमी आठवल्याशिवाय राहत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते, की संसद किंवा संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती, बौद्ध भिक्षुसंघांना ती ठाऊक होती. संघांच्या नियमांची यादी देताना त्यांनी सुरुवात केली ती आसनव्यवस्थेच्या नियमांपासून. प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे त्यानंतर. संघात आसने मांडून देणारा भिक्षू वेगळा नेमलेला असे, मतदानासाठी शलाका म्हणजे काड्या वाटल्या जात, आणि कोरम भरून काढणाऱ्याला पालीत ‘गणपूरक’ म्हणत. आपला आजचा ‘गणपूर्ती’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. या पद्धतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रस्ताव मांडल्यावर, ज्यांना तो मान्य आहे त्यांनी शांत राहावे आणि ज्याला मान्य नाही त्याने बोलावे, असे संघात विचारले जाई. बोलण्याचा पहिला हक्क असहमत असलेल्याचा होता. सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात याच संघाच्या परंपरेला शरण जाऊन धम्मदीक्षा घेतली. मी मुलांना सहलीला दीक्षाभूमीवर नेत असे तेव्हा त्यांना स्तूप दाखवण्याआधी हे नोव्हेंबर १९४९चे भाषण सांगत असे.

पण मी जे सांगत होते त्यातले सगळ्यात कठीण मला माझ्याच एका विद्यार्थ्याने शिकवले. तो गोवारी समाजाचा होता. गोवारी हे विदर्भातले गुराखी. दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन नाचताना त्यांना इकडच्या प्रत्येक गावाने पाहिले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलतींच्या मागणीसाठी हा समाज हजारोंच्या संख्येने विधानभवनावर आला होता. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली, त्यांत बायका आणि लहान मुले पुष्कळ होती. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही त्यांचेच नाव आहे, आणि दर २३ नोव्हेंबरला लोक तिथे फुले वाहायला येतात. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे दोन शब्द जोडून आले आहेत. ती एक वेगळीच जमात, की गोवारी म्हणजेच ते, हा सगळा वाद. माझ्या त्या विद्यार्थ्याने फळ्यावर ते दोन शब्द लिहिले आणि विचारले, “बाई, याच्या मधात स्वल्पविराम कोण टाकू शकते?”

३४२व्या अनुच्छेदाप्रमाणे ही यादी राष्ट्रपती जाहीर करतात आणि नंतर तीत नाव घालण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. विधानसभेच्या २८८ आमदारांनी एकमताने ठरवले तरी ते यादीतले एक अक्षर बदलू शकत नाहीत. हलबा-कोष्टींच्या, म्हणजे कोष्टी हे यादीतल्या हलबा जमातीत मोडतात का या वादाच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली हेच सांगितले होते. गोवारींच्या बाजूने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो रद्द केला. हे सारे मी आज तारखांसह सांगू शकते. त्या दिवशी मी फक्त ‘संसद’ एवढे म्हणाले. तो मुलगा खडू हातात धरून म्हणाला, “मग आमची माणसं इथं कशाला आली होती?” मला उत्तर सुचले नाही. वर्गात घंटा होईपर्यंत कुणी बोलले नाही.

म्हणून त्या डिसेंबरच्या दुपारी मी ज्या ठामपणे ‘पार्लमेंट दिल्लीला’ म्हणाले, तो ठामपणा मला नंतर टोचत राहिला. विधानभवन आणि संसद यांतला फरक माणसाच्या आयुष्याचा फरक करू शकतो, हे मला त्या मुलाने शिकवले होते, आणि त्या बाईलाही तो कळायलाच हवा होता, यात शंका नाही. पण तिने विचारले होते ते वेगळे. आपले म्हणणे जिथे ऐकून घेतले जाते ती जागा हीच ना, एवढे तिला जाणून घ्यायचे होते, आणि त्यासाठी तिच्याजवळ जो सगळ्यात मोठा शब्द होता तो तिने वापरला.

रस्ता काही उघडला नाही. मोर्चातले पाच जण शिष्टमंडळ म्हणून निवेदन घेऊन आत गेले आणि उरलेले डांबरी रस्त्यावरच बसले. त्या बाईने पिशवीतून वर्तमानपत्र काढले, त्याचे दोन भाग केले, एक स्वतःखाली पसरला आणि एक माझ्यासमोर सरकवला. “बसा नं बाई, किती वेळ उभ्या राहाल?” मी बसले. तिने डब्यातला मुरमुऱ्याचा चिवडा माझ्या हातावर दिला. कुणीतरी घोषणा देत होते, मग तेही थांबले. ऊन कलून झाडांच्या सावल्या कठड्यांपर्यंत आल्या होत्या. आसपास बायका, म्हातारे, कडेवर मूल घेतलेली एक तरुण मुलगी, सारे मांडीला मांडी लावून बसले होते आणि एकमेकांना आपापल्या गावचे पाणी, रेशन, पट्टे यांबद्दल विचारत होते. एकाचे बोलणे संपेपर्यंत दुसरा थांबत होता.

तासाभराने शिष्टमंडळ परत आले. सगळे उठून त्यांच्याभोवती गोळा झाले. मंत्र्यांनी काय आश्वासन दिले, किती दिवसांची मुदत दिली, असे पुढारी सांगू लागले. बाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली, गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि त्यांतल्या एका तरुणाची बाही धरून तिने विचारले, “बसा म्हनलं का रे तुमाले? का उभ्याउभ्याच?”

“बसा म्हनलं, आजी,” तो म्हणाला. “दहा मिन्टं बसवलं.”

तिने मान हलवली. मग मागे येऊन तिने दोन्ही वर्तमानपत्रे झटकली, नीट घडी घातली आणि परत पिशवीत ठेवली.